निकममॅडमच्या पत्त्यावर

निकममॅडम रागावल्या की अहिराणीत बोलायच्या. एरवी त्यांचं मराठी इतकं नेटकं, की समोरचा माणूस आपोआप सावरून बोलायला लागायचा. पण कुणी मेल पाठवताना फाइल जोडायला विसरला, की त्या खुर्चीतून अर्ध्या उठायच्या आणि कपाळाला हात लावून म्हणायच्या, "अरे भाऊ, यामा काहीच नही शे!" यात काहीच नाही. पेठ रोडवरच्या आमच्या गाळ्यांच्या रांगेत हे वाक्य इतकं रुळलं, की मिसळीत मटकी दिसली नाही तर गिऱ्हाइकं हॉटेलवाल्याला तेच ऐकवायची.

माझं चष्म्याचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. मधल्या भिंतीत वर एक भोक होतं. त्यांच्याकडून इंटरनेटची वायर माझ्याकडे आणण्यासाठी पाडलेलं. वायरीबरोबर तिकडचं सगळं बोलणंही इकडे यायचं. त्यामुळे पुढं जे सांगतोय त्यातलं बरंचसं मी काचा घासता घासता ऐकलेलं आहे. ऐकायला नको होतं, हे मान्य. पण भोक मी पाडलेलं नव्हतं.

मॅडम मूळच्या सटाण्याकडच्या. लग्न होऊन नाशिकला आल्या, यजमान लवकर गेले, मग त्यांनी टायपिंगचा क्लास काढला. मला एवढंच ठाऊक. यापुढं काही विचारलं की त्या म्हणायच्या, "पिंगळेभाऊ, माझा चष्मा झाला का?" सरकारी टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर गेली तेव्हा त्यांनी टाइपरायटर विकून टाकले आणि दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि एक झेरॉक्स मशीन घेतलं. पाटी तीच ठेवली. 'मराठी-इंग्रजी टंकलेखन'च्या खाली लाल रंगात 'ई-मेल करून मिळेल' एवढं लिहून घेतलं.

उंच बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, अंबाड्यात खोचलेलं बॉलपेन. मी त्यांना चार चष्मे करून दिले, आणि चारही वेळा फ्रेम निवडायला त्यांना आठवडा लागला. नवी फॅशनेबल फ्रेम दाखवली की आरशात बघून म्हणायच्या, "हा चष्मा माझ्याआधी लोकांना दिसतो. नको."

'ई-मेल करून मिळेल' वाचून आत येणाऱ्याला वाटायचं, दोन मिनिटांचं काम. निकममॅडमकडे दोन मिनिटांत फक्त पंखा फिरायला लागायचा. गिऱ्हाइकानं पेनड्राइव्ह दिला की त्यांची तपासणी सुरू.

"काय आहे हे?"

"रहिवासी दाखला आहे मॅडम."

"फाइलचं नाव काय लिहिलंय? वाचा."

"स्कॅन शून्य शून्य सात."

"बारसंसुद्धा न करता लोकांच्या दारात सोडणार का त्याला? त्या ऑफिसात आज असे पन्नास शून्य शून्य सात आले असतील. त्यांनी तुमचा कसा ओळखायचा?"

मग बारसं व्हायचं. आधी माणसाचं पूर्ण नाव, मग कागद कसला, मग कशासाठी. ते झालं की मजकूर. बहुतेक गिऱ्हाइकं म्हणायची, काही लिहू नका मॅडम, नुसतं पाठवा. हे त्यांना अजिबात सहन होत नसे. "दारात पिशवी ठेवून पळून जायचंय का?" असं म्हणून त्या दहाही बोटांनी धडाधड टाइप करायच्या: 'सप्रेम नमस्कार. सोबत माझा रहिवासी दाखला जोडला आहे. पोहोचल्याचे कळवावे ही विनंती.' विजेच्या ऑफिसला सप्रेम नमस्कार, विमा कंपनीला सप्रेम नमस्कार. एकदा कुठल्याशा बँकेच्या मॅनेजरनं उत्तरात लिहिलं होतं, 'आपलेही कुशल असो.' तो मेल त्यांनी प्रिंट काढून महिनाभर काचेखाली ठेवला होता.

पत्ता सगळ्यात शेवटी. आधी पत्ता घातला की बोट घसरतं आणि अर्धा मेल निघून जातो, असं त्यांचं म्हणणं. आणि मेल गेल्यावरही गिऱ्हाइकाला सुटका नाही. त्या 'सेंट'मध्ये जायच्या, तोच मेल उघडायच्या, त्यातली फाइल उघडायच्या आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवायच्या. "काय गेलं ते डोळ्यांनी बघा. मग घरी जा."

विंचूरचा एक कांद्याचा व्यापारी त्यांच्याकडे आला होता. गाडीची ताडपत्री फाटून माल भिजला होता आणि विमा कंपनीनं फोटो मागवले होते. गड्यानं दीडशेच्या वर फोटो काढलेले. ते काही एका मेलमध्ये मावेनात. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यानं सगळे फोटो नेटवर ठेवून कंपनीला नुसती लिंक पाठवली. कंपनीचं उत्तर आलं, 'आम्हाला बघायची परवानगी नाही.' व्यापारी भडकला. "मीच दिले ना फोटो? मंग परवानगी कशाची? लय झालं यांचं!"

मॅडम म्हणाल्या, "शेठ, तुम्ही पाहुण्यांना जेवायला बोलावलं आणि दाराला कुलूप लावून बसलात. चूक त्यांची नाही." मग त्यांनी त्याला शेजारी बसवलं आणि दीडशे फोटोंतून नऊ निवडायला लावले. तासभर त्या दोघांचं चाललं होतं. "हा आणि हा एकच कांदा आहे." "नाय मॅडम, हा दुसरा हाय." "दोन्ही सडलेत ना? एकच ठेवा." नऊ फोटो पहिल्या झटक्यात गेले. पुढं तो व्यापारी नाशिकला आला की मॅडमसाठी कांद्याची पिशवी ठेवून जायचा, आणि मॅडम त्याला विचारायच्या, "हे निवडून आणलेत ना?"

आता मुख्य गोष्ट. हे सगळे मेल जायचे ते मॅडमच्या दुकानाच्या एकाच पत्त्यावरून. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना स्वतःचा ई-मेल नव्हता, आणि ज्यांनी कधी काढला होता ते पासवर्ड विसरलेले. मग फॉर्मवर ई-मेलचा रकाना आला की लोक डोळे मिटून मॅडमचा पत्ता घालायचे. पेठहून, हरसूलकडून नाक्यावर उतरणारी मंडळीसुद्धा. साहजिकच सगळ्यांची उत्तरंही त्यांच्याकडेच यायची. नोकरीच्या मुलाखतीचे कॉल, कर्जाचे नकार, लग्नाच्या स्थळांचे होकार. कुणाचं काय अडलंय आणि कुणाचं काय सुटलंय, हे त्या माणसाच्या आधी मॅडमना कळायचं.

त्याचा त्यांनी कधी गैरफायदा घेतला नाही. पण बातमी पोचवायची त्यांची एक पद्धत होती, आणि ती पुरती उघडी पडली होती हे त्यांना माहीत नव्हतं. चांगली बातमी असली की त्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून रस्त्यापलीकडे ओरडायच्या, "पगारे, लागला तुझा नंबर!" वाईट असली की माणसाला आत बोलवायच्या आणि टपरीवाल्याला दोन बोटं दाखवायच्या. दोन चहा. मॅडमनी "बस, चहा घे" म्हटलं की माणसाचा चेहरा उतरायचा. पगारे रिक्षावाला तर एकदा हात जोडून म्हणाला होता, "मॅडम, काय असंल ते उभ्यानं सांगा, पण चहा नको."

माझीही एकदा फजिती झाली, ती सांगायला हवी. माझा पुतण्या ओझरला नोकरीला. त्याच्यासाठी एक स्थळ आलं आणि मुलीकडच्यांनी बायोडाटा मागवला. मी म्हटलं, एवढ्या तेवढ्यासाठी मॅडमकडे कशाला? मोबाइलवरून मीच पाठवला. नाव न ठेवलेल्या चारपाच फाइली होत्या, त्यातली एक जोडली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'मुलाचे वय चौऱ्याहत्तर असून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे समजले. स्थळ मुलीच्या अपेक्षेत बसत नाही. तरीही आपण काही लपवले नाही याबद्दल आभारी आहोत.'

माझ्या दुकानात डोळे तपासून गेलेल्या एका आजोबांचा रिपोर्ट गेला होता.

मी मोबाइल घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी ते उत्तर वाचलं. हसल्या नाहीत. पुन्हा वाचलं. मग अंबाड्यातलं पेन काढून कागदावर मजकूर लिहिला आणि म्हणाल्या, हे पाठवा. 'सप्रेम नमस्कार. चुकून एका ज्येष्ठांचा तपासणी अहवाल आपणाकडे गेला, तो कृपया काढून टाकावा. मुलगा सत्तावीस वर्षांचा असून त्याची नजर उत्तम आहे. नजरचूक त्याच्या काकांची आहे. सोबत मुलाची माहिती जोडली आहे.' ती मुलगी आज आमच्या घरात सून म्हणून आहे आणि दर दिवाळीला माझ्या मोतीबिंदूची चौकशी करते. पण मॅडमनी मला तेवढ्यावर सोडलं नाही. त्या आजोबांचा कागद परक्या घरी गेला, तेव्हा त्यांच्याकडे जाऊन माफी मागा, म्हणाल्या. मी गेलो, सगळं सांगितलं. आजोबांनी कानामागे हात धरून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मुलगी कशी होती?"

इतकी सगळी काळजी घेणाऱ्या बाईच्या हातून चूक झाली, ती हिरा भोयेच्या बाबतीत.

हिरा पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. नर्सिंग केलेलं, नाशिकला एका खाजगी दवाखान्यात नोकरी. पाच वर्षांची मुलगी गावाला आजीकडे. महिन्यातून दोन रविवार हिरा नाक्यावरून पेठची गाडी धरायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायची. एका संस्थेची पेठ तालुक्यात आरोग्य केंद्रं होती. त्यातल्या एका केंद्रात नर्सची जागा निघाली. केंद्र तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. अर्ज ई-मेलनं करायचा होता.

मॅडमनी तो अर्ज स्वतःच्या मुलीचा असावा तसा केला. दोनदा मजकूर बदलला. सगळ्या कागदांची बारशी केली. हिराच्या नर्सिंगच्या नोंदणीचा दाखला दोन्ही बाजूंनी छापलेला होता. 'पुढील बाजू' आणि 'मागील बाजू' अशा दोन फाइली झाल्या. मेल गेला. नेहमीप्रमाणे सेंटमध्ये जाऊन त्यांनी फाइली उघडून दाखवायला सुरुवात केली, तेवढ्यात लाइट गेले. दुकानात पाचसहा जण ताटकळत होते, हिराची ड्यूटीची वेळ झाली होती. लाइट आल्यावर उरलेल्या फाइली बघायच्या राहून गेल्या.

सगळी नावं बरोबर होती. पण स्कॅन करताना कागद उलटायचा राहिला होता. दोन्ही फाइलींत पुढचीच बाजू होती.

तीन आठवड्यांनी दुपारी भोकातून आवाज यायचा बंद झाला. झेरॉक्स नाही, टायपिंग नाही. मग अगदी हळू, "पिंगळेभाऊ, जरा येता का?"

कुणाचं तरी विम्याचं पत्र सापडत नव्हतं, म्हणून त्या पहिल्यांदाच स्पॅममध्ये शिरल्या होत्या. एरवी तिकडे त्या फिरकत नसत. तिथं लॉटरीवाले राहतात, म्हणायच्या. त्या लॉटरीवाल्यांच्या मधोमध संस्थेचं पत्र पडलं होतं. दाखल्याची मागील बाजू मिळाली नाही, चार दिवसांत पाठवावी, अन्यथा अर्ज बाद समजला जाईल. पत्र येऊन अकरा दिवस झाले होते.

"हिराला फोन करा," मी म्हणालो.

"लावला. दवाखान्यात विचारलं, मुलीला ताप आहे म्हणून ती गावाला गेलीय. फोन लागत नाही, तिकडे रेंज नसते." मग त्यांनी एकदम पर्स उचलली. "मी जाऊन येते."

"मॅडम, तुम्हाला घाट लागतो."

"लागू दे."

मी माझ्या दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघालो. नाक्यावर पेठची गाडी मिळाली. सावळघाटात त्यांनी हातातलं लिंबू नाकाशी धरलं होतं आणि डोळे मिटले होते. एकदाच बोलल्या. "अर्जावर गावाचं नाव आहे. पाड्याचं नाहीये. तेही विचारायचं राहिलं माझ्याकडून."

विचारत विचारत घर सापडलं. ओट्यावर नागली वाळत घातलेली. हिराच्या मांडीवर मुलगी झोपली होती, ताप उतरला होता. आम्हाला बघून हिरा गोंधळली. तिची आई लगबगीनं चटई घेऊन आली. "बसा ना, लय लांबून आले तुम्ही."

मॅडम बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "हिरा, आधी ऐकून घे. तुझ्या दाखल्याची मागची बाजू गेलीच नाही. मी पुढचीच दोनदा जोडली. त्यांनी पुन्हा मागितली होती, ते पत्र मी बघितलं नाही. मुदत संपली. यात तुझं काही चुकलेलं नाही. माझं चुकलंय."

हिरा उठली. मुलीला आईकडे देऊन आत गेली. आतून बराच वेळ भांड्याचासुद्धा आवाज आला नाही. मग पाण्याचे दोन तांबे घेऊन आली. मला दिला, मॅडमना दिला.

"म्हणजे गेली जागा?"

"गेली असणार."

"मॅडम," हिरा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "ते पत्र मला आलं असतं ना, तर मी बघितलं असतं. मी रोज फोन बघते."

परतीच्या गाडीत मॅडमना घाट लागला नाही. लिंबू पर्समध्येच होतं. करंजाळी मागे पडली तेव्हा म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. तिचं पत्र माझ्याकडे यायचं कारणच काय?"

दुसऱ्या दिवशी त्या संस्थेच्या ऑफिसात गेल्या. चूक उमेदवाराची नसून आपली आहे, असं लेखी दिलं. तिथल्या माणसानं पत्र वाचून त्यांना बसायला खुर्ची दिली, पण जागा आदल्या आठवड्यातच भरली होती. पुन्हा निघाली तर अर्ज करा, म्हणाला. तिथून आल्यावर त्यांनी लाल रंगाची ओळ खरवडून काढली आणि पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहून लावलं: 'येथून कोणाचाही मेल पाठवला जाणार नाही. ज्याचा त्याला पत्ता काढून मिळेल.'

मग काय गोंधळ झाला! पगारे भांडायला आला. "मॅडम, मला कशाला पत्ता? तुमचाच बरा. तुम्ही वाचता, तुम्ही सांगता. मला कोण सांगंल?"

"तुला वाचता येत नाही का?"

"येतं ना. पण वाईट असलं तर एकट्यानं वाचायचं का?"

मॅडमनी खुर्ची मागे सरकवल्याचं भोकातून ऐकू आलं. मग म्हणाल्या, "वाईट असलं तर इकडं ये. चहा मी पाजीन."

सहा-सात महिने त्यांनी दुसरं काही केलं नाही. एकेकाला बाकावर बसवायचं, पत्ता काढून द्यायचा, पासवर्ड टाकताना तोंड फिरवून उभं राहायचं. फाइल कशी जोडायची, लिंकला परवानगी कशी द्यायची, स्पॅममध्ये आठवड्यातून एकदा कसं डोकावायचं. ज्यांनी वर्षानुवर्षं सगळं त्यांच्यावर सोपवलं होतं त्यांना हे शिकवणं सोपं नव्हतं. अहिराणी रोज ऐकू यायची.

हिरा मात्र येत नव्हती. रविवारी गाडीला जाताना ती रस्त्याच्या पलीकडून जायची. मॅडम तिच्याकडे बघायच्या, हाक मारत नसत. दोन महिन्यांनी एक दिवस ती पायरीपाशी आली आणि पुठ्ठा वाचत उभी राहिली. "मला पण काढून द्या," म्हणाली. एवढंच.

त्याच संस्थेची दुसरी जागा पुढच्या वर्षी निघाली. केंद्र जरा लांब होतं, पण रोज जाऊन येता येण्यासारखं. हिरानं अर्ज मॅडमच्या दुकानात बसून केला, पण स्वतःच्या फोनवरून आणि स्वतःच्या पत्त्यावरून. मॅडम समोर हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी झेरॉक्सचं निमित्त काढून तिथंच उभा होतो. हिरानं एकेक कागद जोडला. मॅडमचे हात दोनतीनदा उठले आणि परत मांडीवर गेले. शेवटी राहवलं नाही.

"मागची बाजू उघडून बघितलीस?"

"दोनदा," हिरा म्हणाली, आणि पाठवून दिला.

दीडेक महिन्यानं दुपारी मॅडम दुकानाबाहेर आल्या आणि टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली. एक चहा त्यांनी स्वतः माझ्या काउंटरवर आणून ठेवला. मी घासत असलेली काच खाली ठेवली. "हिराचं नाही झालं?"

"झालं," त्या म्हणाल्या. "तिनंच फोन करून सांगितलं. आत्ता." त्यांनी चहा घेतला, कप खाली ठेवला, पदरानं चष्म्याच्या काचा पुसल्या. मी त्यांना नेहमी सांगायचो की पदरानं पुसू नका, चरे पडतात. त्या दिवशी बोललो नाही.

लोक शिकले. शिकले आणि यायचे बंद झाले. कागदाचा फोटो फोनवरच निघायला लागला, तिथूनच जोडला जायला लागला, तिथूनच जायला लागला. मॅडमच्या दुकानात उरली ती थोडी झेरॉक्स आणि पगारे. त्याला नकार आला की तो हक्कानं चहाला यायचा, आणि हळूहळू नकार नसतानाही यायला लागला. शेवटी मॅडमनी दुकान आवरायचं ठरवलं. सटाण्याला भाऊ-भावजय होते. तिकडे जायचं म्हणाल्या. आम्ही दुकानदारांनी बराच आग्रह केला, पण त्यांचं ठरलं होतं. मशीन कुणाला, कॉम्प्युटर कुणाला, याची यादीसुद्धा टाइप करून झाली होती.

त्या आठवड्यात त्या बँकेत खातं सटाण्याच्या शाखेत हलवायला गेल्या होत्या. तिथून थेट माझ्याकडे आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"पिंगळेभाऊ, काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, मॅडम तुमचा ई-मेल? मी दुकानाचा सांगितला. ती म्हणाली, हा दुकानाचा झाला, तुमचा स्वतःचा सांगा." त्या थांबल्या. "माझा नाहीच आहे."

मला हसू आलं. त्या हसत नव्हत्या, म्हणून मी आवरलं.

तिथंच, माझ्या काउंटरवर, फोनवर एका बोटानं अडखळत त्यांनी स्वतःच्या नावाचा पत्ता काढला. दहा बोटांनी टाइप करणारी बाई, त्यांना फोनचा कीबोर्ड म्हणजे चेष्टा वाटायची. पासवर्डच्या वेळी "तोंड तिकडं करा" म्हणाल्या. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत उभा राहिलो.

"झालं."

"पहिला मेल कुणाला?"

त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला. "कुणाला पाठवायचं असं काही नाही. मला कुणाचं येतं का बघू आधी," असं सहज म्हणून त्या पायरी उतरल्या.

त्या रस्ता ओलांडेपर्यंत मी माझा फोन काढला. सकाळीच मी आमच्या गाळ्यांच्या रांगेचा एक फोटो काढला होता. त्यात त्यांची पाटी होती, पुठ्ठा होता, पायरीवर पगारे होता. फाइलला नीट नाव दिलं, 'सप्रेम नमस्कार' लिहिलं, फोटो जोडला, सगळ्यात शेवटी त्यांचा नवा पत्ता घातला आणि पाठवला. पलीकडे रिक्षा थांब्यावर मॅडमनी फोन बाहेर काढला. लांब धरून वाचला. फोटो मोठा करून बघितला असावा, कारण बराच वेळ त्या मान खाली घालून होत्या. मग एका बोटानं काहीतरी लिहायला लागल्या.

माझा फोन वाजला. 'फोटो पोहोचला. उघडून पाहिला. उत्तम आहे. मात्र विषयाची ओळ कोरी आहे. ती भरून पुन्हा पाठवावा, म्हणजे मला जपून ठेवता येईल.'

मी विषय लिहायला लागलो, आणि काय लिहावं ते सुचेना. रस्त्यापलीकडे रिक्षावाला "बसा मॅडम, बसा" करत होता, आणि त्याला एका हातानं थांबवून निकममॅडम फोनकडे बघत उभ्या होत्या.